घोड्याचे ‘वय झाले’ म्हणण्याआधी...

उन्हाळा लागला तरी म्हाताऱ्या घोड्याचे हिवाळी केस झडत नाहीत, पाठ खचते, तहान-लघवी वाढते. मालक म्हणतो, ‘वय झालं!’ इथेच घात होतो. मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्युटरी ग्रंथीच्या बिघाडाचीही हीच लक्षणे. 15 वर्षांपुढच्या घोड्यांत हा ‘कुशिंग’ आजार अधिक दिसतो. रक्तातील ‘एसीटीएच’ तपासल्यास निदान सोपे होते. तो बरा होत नाही. पर्गोलाइडच्या रोजच्या गोळीने आटोक्यात राहतो.

खरी भीती खुरांची. रक्तात इन्सुलिन वाढले की खुराच्या आतला भाग दुखावतो, घोडा पाऊल टाकेनासा होतो. अशा घोड्याला लाडाने गूळ चारणे म्हणजे दुखण्याला खतपाणीच. तरुण घोड्याच्याही मानेवर चरबीचा घट्ट उंचवटा दिसला, तर आधी इन्सुलिन तपासावे. ‘खात्यापित्या घरचा’ हे कौतुक नंतर.