पाणबुडीतील हायड्रोजन रुग्णालयापर्यंत यावा

चक्रीवादळात विजेचे खांब कोसळल्यानंतर किनाऱ्यावरील गावाला पहिल्या काही दिवसांत लागणारी वीज थोडीच असते. मात्र लसींचे शीतकपाट, प्रसूतिगृहातील दिवे आणि मोबाइल टॉवर यांच्यापुरती ती अखंड मिळावी लागते. 3 जून 2020 च्या निसर्ग चक्रीवादळानंतर श्रीवर्धन, म्हसळा आणि मुरूड तालुक्यांतील अनेक गावे कित्येक आठवडे अंधारात होती, आणि उन्मळलेल्या झाडांनी रस्ते अडवलेले असताना डिझेलचा जनरेटरही टाकीतल्या इंधनापुरताच चालतो. अशा वेळी रासायनिक रूपात साठवलेल्या हायड्रोजनवर चालणारे, उचलून नेता येण्याजोगे इंधनघट रायगडच्या हाताशी असायला हवेत.

इंधनघट म्हणजे हायड्रोजन आणि हवेतील ऑक्सिजन यांच्या संयोगातून, ज्वलनाशिवाय, थेट वीज निर्माण करणारे साधन. एक किलो हायड्रोजनमध्ये सुमारे 33 युनिट ऊर्जा असते; पण सामान्य दाबाला तेवढाच वायू जवळजवळ 12,000 लिटर जागा व्यापतो, आणि तो दाबून भरायचा तर जाड भिंतींच्या सिलिंडरांचे वजन वाढत जाते. म्हणून हायड्रोजनला एखाद्या संयुगात बांधून ठेवावे व गरजेच्या क्षणी मोकळे करावे, हा रासायनिक साठवणीचा विचार पुढे आला.

असे एक संयुग अलिबागजवळच्या थळ येथे राष्ट्रीय केमिकल्स अँड फर्टिलायझर्सच्या कारखान्यात नैसर्गिक वायूपासून मोठ्या प्रमाणावर तयार होते, ते म्हणजे अमोनिया. त्याच्या वजनाचा 17.6 टक्के भाग हायड्रोजन असल्याने तो आकर्षक वाटतो. तथापि त्याचे विघटन करण्यास कित्येक शे अंश तापमान लागते, मागे उरलेला अमोनियाचा अंश कमी तापमानावर चालणाऱ्या इंधनघटाला निकामी करतो, आणि गळती झाल्यास हा विषारी वायू रुग्णांच्या उशाशी पोहोचतो. मोठ्या, स्थिर प्रकल्पांना अमोनिया शोभेल; आरोग्य केंद्राच्या व्हरांड्यात तो ठेवू नये.

तेथे सोडियम बोरोहायड्राइड अधिक योग्य ठरते. ही पांढरी पावडर उत्प्रेरकाच्या, म्हणजे अभिक्रियेचा वेग वाढवणाऱ्या पदार्थाच्या, सान्निध्यात पाण्याशी संयोग पावते आणि हायड्रोजन सुटतो. त्यातील निम्मा हायड्रोजन पाण्यातूनच येत असल्यामुळे एक किलो पावडर सुमारे 210 ग्रॅम वायू देते, आणि इंधनघटाची कार्यक्षमता 50 टक्के धरली तरी साडेतीन युनिट वीज मिळते. पाणी जागेवरच घेता येत असल्याने वाहून न्यायची ती कोरडी पावडर, जी लिथियम-आयन बॅटरीच्या तुलनेत किलोमागे कितीतरी अधिक ऊर्जा बाळगते.

ही विद्या परकी नाही. अंबरनाथच्या नौदल पदार्थ संशोधन प्रयोगशाळेने पाणबुडीला दीर्घकाळ पाण्याखाली राहता यावे म्हणून फॉस्फोरिक आम्लाचा इंधनघट विकसित केला, ज्याला लागणारा हायड्रोजन बोरोहायड्राइडपासून पाणबुडीतच तयार होतो. लार्सन अँड टुब्रो आणि पुण्याच्या थरमॅक्सच्या साहाय्याने उभारलेल्या त्याच्या जमिनीवरील प्रतिरूपाची चाचणी मार्च 2021 मध्ये यशस्वी झाली.

अमेरिकेच्या ऊर्जा विभागाने 2007 मध्ये मोटारींसाठी बोरोहायड्राइडचा मार्ग सोडून देण्याची शिफारस केली होती, कारण अभिक्रियेनंतर उरलेल्या बोरेटपासून पुन्हा बोरोहायड्राइड बनवण्यास फार ऊर्जा आणि पैसा लागतो. हा आक्षेप रोज इंधन भरणाऱ्या वाहनाला पूर्णपणे लागू पडतो. वर्षातून एखाद्या आठवड्यासाठी जपून ठेवलेल्या साठ्याच्या बाबतीत मात्र किमतीपेक्षा खात्री मोलाची असते. खरी काळजी निराळी आहे: कोकणच्या दमट हवेत पावडर हवाबंद डब्यांतच राहिली पाहिजे, आणि वापरानंतरचे क्षारधर्मी द्रावण परत गोळा झाले पाहिजे, कारण अतिरिक्त बोरॉन नारळ-सुपारीच्या वाड्यांना बाधतो.

राज्य आपत्ती व्यवस्थापन यंत्रणेने अंबरनाथच्या शास्त्रज्ञांना सोबत घेऊन पुढील पावसाळ्यापूर्वी श्रीवर्धनच्या रुग्णालयात असा निदान एक संच चाचणीसाठी बसवावा.