टनांचा हिशेब झाला, माणसांचा कधी?

आमच्या वस्तीतला एक मुलगा एमबीए करतो. उन्हाळ्यात दोन महिने कचरा व्यवस्थापनाच्या एका कंपनीत इंटर्नशिप करून आला आणि अहवाल मला वाचायला दिला. विषय 'शाश्वत पायाभूत सुविधा'. रोज किती टन कचरा आला, किती गाड्या फिरल्या, किती खत झालं, सगळं तक्त्यांसकट होतं. चाळीस पानांत कचरा उचलणारा माणूस मात्र एकदाही नव्हता.

मी विचारलं, "तुझी आजी कुठे आहे यात?" त्याच्या आजीचं आयुष्य डम्पिंगवर कचरा वेचण्यात गेलं.

तो मान खाली घालून म्हणाला, "दादा, दोन पानं लिहिली होती. कामगारांना हातमोजे नाहीत, पीएफ कापतात पण भरत नाहीत, वेचणाऱ्या बायकांना गेटवरून हाकलतात. साहेब म्हणाले, हे विषयाबाहेरचं आहे, काढून टाक."

विषयाबाहेरचं? मित्रांनो, हाच तर विषय आहे! जात ही नुसती कामाची वाटणी नाही, ती काम करणाऱ्या माणसांचीच वाटणी आहे, हे बाबासाहेबांनी १९३६ सालीच 'ॲनिहिलेशन ऑफ कास्ट'मध्ये बजावलं. आज केबिनमध्ये कोण बसतं आणि गाडीच्या मागे कोण लटकतं, ते बघा. वाटणी तीच आहे, फक्त तिला इंग्रजी नाव मिळालं.

गेटवरून हाकलण्यामागचं गणितही समजून घ्या. अनेक शहरांत कंत्राटदाराला टनामागे पैसे मिळतात. वेचणारी बाई प्लास्टिक, पुठ्ठा, पत्रा वेगळा काढते तेव्हा शहरावरचा भार हलका होतो, पण कंत्राटदाराचं बिलही घटतं. म्हणजे खरा पुनर्वापर करणारीच त्यांच्या धंद्याच्या आड येते. पर्यावरण ती वाचवते, पुरस्कार कंपनी घेते.

कुणी म्हणेल, यंत्रं आली की आपली माणसं या कामातून सुटतील. यंत्रं हवीतच. २०१३ च्या कायद्याने बंदी घालूनही माणसं गटारात गुदमरून मरतात, हे थांबलंच पाहिजे. पण झाडू होता तोवर काम आमचं आणि यंत्र आलं की कंत्राट त्यांचं, ही मुक्ती नव्हे. ही रोजीरोटीवरून केलेली हकालपट्टी आहे.

दुसरा रस्ता आहे. पुण्यात १९९३ साली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली. पुढे वेचकांच्याच 'स्वच्छ' सहकारी संस्थेने घरोघरचा कचरा गोळा करण्याचं काम हाती घेतलं. मुंबईत कचरा वाहतूक श्रमिक संघाने वर्षानुवर्षं लढून २०१७ साली सर्वोच्च न्यायालयातून २,७०० कंत्राटी कामगारांना कायम करण्याचा आदेश मिळवला. हे कुणी दान दिलं नाही, संघटनेने मिळवलं.

आपण काय करतो? जयंतीच्या वर्गणीचा हिशेब पैशापैशाने मागतो. आपल्या वॉर्डातलं सफाईचं कंत्राट किती जणांनी वाचलंय?

मॅनेजमेंट शिकणाऱ्या भावांनो, बहिणींनो, तुम्हाला टेंडर वाचता येतं, ताळेबंद कळतो. आपल्या आयाबायांनी कचरा उपसून तुम्हाला तिथवर पोचवलंय. अहवालात टनाशेजारी मजुरी लिहा, पीएफ लिहा, कायम किती आणि कंत्राटी किती ते लिहा. कंपनी खोडेल, तर माहिती अधिकारात अर्ज टाकून तेच महापालिकेला विचारा. शिका म्हणजे नुसती पदवी घ्या, असं बाबासाहेबांनी सांगितलेलं नाही.

ती दोन पानं त्या मुलाने अजून जपून ठेवली आहेत. येत्या रविवारी विहारात आम्ही ती कामगारांसमोर वाचणार आहोत. सोमवारी अर्ज जाईल.

जय भीम!