आईची रविवारची गोळी

या महिन्यात सणवार, पाककृती बाजूला ठेवून जरा कामाचं बोलू या. विषय आहे घरातल्या मोठ्यांच्या दातांचा.

गेल्या वर्षी गणपतीतच आईची खालची उजवी दाढ दुखायला लागली आणि शेवटी काढावी लागली. आई ६६ वर्षांची. डिसेंबरात मामेबहिणीचं लग्न होतं, म्हणून दिवाळीच्या आसपास तिने इम्प्लांटचा विषय काढला. मीही उत्साहात घराजवळच्या एका दवाखान्यात तिला घेऊन गेलो. एक एक्स-रे काढला, दिवाळीची सूट सांगितली आणि म्हणाले, "शनिवारी स्क्रू बसवू, लग्नापर्यंत दातही लावून देऊ." फॉर्मवर 'चालू औषधे' असा रकाना होता. आईने लिहिलं, बीपी आणि शुगर. मी सही केली, ॲडव्हान्स दिला.

त्या रविवारी सकाळी मी पोहे-जलेबी घेऊन आलो. प्लेट पुढे केली तर आई म्हणाली, "थांब रे, अर्धा तास व्हायचाय अजून. आज गोळीचा वार."

"कसली गोळी?"

"अरे, ती हाडांची. आठवड्यातून एकदा, उपाशीपोटी. घेतल्यावर आडवं व्हायचं नाही, खायचं नाही."

तीन वर्षं ती ही गोळी घेत होती आणि मला पत्ताच नव्हता. फॉर्मवर का नाही लिहिली, असं विचारलं, तर म्हणाली, "ते काय औषध आहे? कॅल्शियमसारखंच तर असतं." तसं नव्हतं. ती ॲलेन्ड्रोनेट होती, हाडांची झीज रोखणारी गोळी. आपलं हाड सतत थोडं झिजतं आणि नव्याने भरतं. ही औषधं झिजवणाऱ्या पेशींना आवर घालतात. त्यामुळे मणका, खुबा सांभाळले जातात, पण हाडाची डागडुजीही मंदावते. क्वचित एखाद्याची जबड्यातली जखम महिनोन्‌महिने भरत नाही, हाड उघडं पडतं. आठवड्याच्या गोळीत हा धोका फार कमी असतो. कॅन्सरसाठी मोठ्या मात्रेत दिल्या जाणाऱ्या इंजेक्शनांत तो बराच जास्त असतो. पण कमी असला तरी डॉक्टरांना तो माहीत हवा की नको?

शनिवारची वेळ मी रद्द केली. ॲडव्हान्स गेला तो गेलाच. आई दोन दिवस फुगून बसली होती. "लग्नात सगळे विचारतील," हे तिचं म्हणणं.

दुसऱ्या डॉक्टर ओळखीतून मिळाल्या. पहिल्या भेटीत त्यांनी तोंडात नंतर पाहिलं, आधी औषधांची पिशवीच मागितली. मग आईच्या हाडांच्या डॉक्टरांशी फोनवर बोलल्या. गोळी आपल्या मनाने बंद करायची नाही, हे त्यांनी दोनदा बजावलं. शुगरची तीन महिन्यांची सरासरी, म्हणजे एचबीए१सी, काढायला लावली. ती निघाली ८.९. त्या म्हणाल्या, "घाई कशाला? आधी ही खाली आणू." साखर चढलेली असली की जखम भरायला वेळ लागतो आणि जंतुसंसर्गाला वाव मिळतो.

त्यांनी समजावलं ते असं. इम्प्लांट म्हणजे टायटॅनियमचा छोटा स्क्रू. हाड त्याला घट्ट धरतं. ब्रोनेमार्क नावाच्या स्वीडिश संशोधकांनी हे ओळखलं आणि १९६५ मध्ये पहिल्यांदा माणसाच्या जबड्यात असा स्क्रू बसवला. आज दहा वर्षांनंतरही शंभरातले नव्वदाहून अधिक इम्प्लांट टिकतात. पण हाडाने स्क्रू धरायला साधारण तीन ते सहा महिने लागतात. तेवढ्यात त्यावर चावण्याचा जोर पडला, तर स्क्रू हलायची भीती असते. "लग्नापर्यंत दात" या बोलण्याचा अर्थ मला तेव्हा कळला.

खालच्या जबड्यातून ओठ-हनुवटीला जाणीव देणारी नस जाते. तिला धक्का लागला तर ओठ बधिर राहू शकतो, कधी कायमचा. साध्या एक्स-रेत हाडाची उंची दिसते, जाडी दिसत नाही. म्हणून आईचा सीबीसीटी स्कॅन काढला आणि नसेपासून दोन मिलिमीटरहून जास्त अंतर राखून स्क्रूची लांबी ठरवली. वरच्या दाढांसाठी सायनसची पोकळी अशीच मोजावी लागते.

आईने गोड कमी केलं. सराफ्यातली रबडी माझीही बंद झाली, हे ओघाने आलंच. फेब्रुवारीत आकडा ७.२ वर आला आणि स्क्रू बसला. पहिले दोन-तीन दिवस गाल सुजला, मग ओसरला. जूनमध्ये वर दात चढला.

आता तुमच्यासाठी, म्हणजे ज्यांच्या हातात आईबाबांच्या फाइली असतात त्यांच्यासाठी, थोडं.

सगळी औषधं पिशवीत घालून न्या. सहा महिन्यांनी किंवा वर्षातून एकदा घेतलं जाणारं हाडांचं इंजेक्शन हमखास विसरलं जातं, ते आठवून सांगा. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर ती आपल्या मनाने थांबवू नका. ते हृदयाच्या डॉक्टरांना ठरवू द्या. बाबा तंबाखू खातात, बिडी-सिगारेट ओढतात हे लपवू नका. धूम्रपानाने इम्प्लांट निकामी होण्याची शक्यता वाढते. हिरड्यांचा आजार असेल तर त्याचे उपचार आधी. ब्रिज किंवा कवळी चालेल का, हेही विचारा. प्रत्येक रिकाम्या जागेला स्क्रूच हवा असं नाही.

बसवलेल्या स्क्रूची कंपनी, माप आणि लॉट नंबर लिहून घ्या. पुढे दुसऱ्या गावी दुरुस्ती करावी लागली तर तो कागदच उपयोगी पडतो. भुलीचा असर उतरूनही ओठ बधिर राहिला, तर दुसऱ्या दिवसाची वाट न पाहता फोन करा. तिसऱ्या-चौथ्या दिवसानंतर सूज वाढत गेली, ताप आला, पू दिसला, तरीही लगेच.

आणि इम्प्लांट किडत नाही म्हणून निर्धास्त राहू नका. त्याच्या भोवतीची हिरडी सुजते, हाड खचतं, तेही फारसं न दुखता. आई रोज रात्री छोट्या ब्रशने कडेकडेने साफ करते, आणि दर सहा महिन्यांनी आम्ही दाखवून येतो.

डिसेंबरातल्या लग्नाच्या फोटोंत आई तोंड मिटून हसते आहे. एका फोटोत मात्र कुणीतरी तिला खळखळून हसवलंय आणि दाढेची रिकामी जागा स्पष्ट दिसते. तोच फोटो तिने फ्रेम करून घेतला. तुमच्या घरी रविवारची गोळी कोण घेतं, आज जेवताना विचारा.