विश्लेषण : फिजिओथेरपीची डॉक्टरेट ‘व्यावसायिक’ का नाही?

अमेरिकेत फिजिओथेरपिस्ट व्हायचे तर आधी चार वर्षांची पदवी आणि त्यानंतर साधारण तीन वर्षांची ‘डॉक्टर ऑफ फिजिकल थेरपी’ म्हणजेच डीपीटी करावी लागते. वर परवाना परीक्षाही द्यावी लागते. तरीही केंद्रीय शैक्षणिक कर्जाच्या नव्या व्याख्येत ही पदवी ‘व्यावसायिक’ ठरत नाही. वरवर शब्दाचा वाटणारा हा वाद प्रत्यक्षात पैशांचा आहे. १ जुलै २०२६ पासून लागू होणाऱ्या कर्जमर्यादेमुळे डीपीटीला अर्ज करणाऱ्यांचे सगळे गणितच बदलणार आहे.

नेमका बदल काय?

अमेरिकेचे अध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प यांनी ४ जुलै २०२५ रोजी ‘वन बिग ब्युटिफुल बिल’ कायद्यावर स्वाक्षरी केली. करसवलती आणि खर्चकपातीमुळे हा कायदा गाजला. मात्र त्यातील उच्च शिक्षणाविषयीच्या तरतुदीही तितक्याच दूरगामी आहेत. पदवीनंतरच्या शिक्षणासाठी २००६ पासून मिळणारे ‘ग्रॅड प्लस’ कर्ज नव्या विद्यार्थ्यांसाठी बंद होत आहे. विद्यापीठाने दाखवलेल्या एकूण खर्चाइतकी रक्कम या कर्जातून उभी करता येत असे. त्याच्या जागी आता दोन पायऱ्या असतील. सर्वसाधारण पदव्युत्तर अभ्यासक्रमासाठी वर्षाला २०,५०० डॉलर आणि एकूण एक लाख डॉलर, तर व्यावसायिक पदवीसाठी वर्षाला ५०,००० डॉलर आणि एकूण दोन लाख डॉलर. त्यामुळे आपला अभ्यासक्रम कोणत्या पायरीवर बसतो, हा प्रश्न विद्यार्थ्यासाठी निर्णायक ठरतो.

फिजिकल थेरपी यादीबाहेर का राहिली?

व्यावसायिक पदवी म्हणजे काय, हे कायद्याने नव्याने ठरवले नाही. शिक्षण विभागाच्या नियमावलीत आधीपासून असलेल्या व्याख्येकडे त्याने बोट दाखवले. एखाद्या व्यवसायात पाऊल टाकण्यासाठी आवश्यक शिक्षण, साध्या पदवीच्या पुढचे कौशल्य आणि बहुधा परवान्याची अट, असा त्या व्याख्येचा गाभा आहे. उदाहरणे म्हणून वैद्यक, दंतवैद्यक, औषधनिर्माणशास्त्र, पशुवैद्यक, कायदा, नेत्रपरीक्षण, ऑस्टिओपॅथी, पोडायट्री म्हणजे पायांच्या विकारांचे शास्त्र, कायरोप्रॅक्टिक आणि धर्मशास्त्र अशी दहा नावे दिली होती. ‘यांसह, पण एवढ्यापुरतेच नाही’ असेही त्यात म्हटले होते.

ही मोकळीक नोव्हेंबर २०२५ मध्ये आकसली. नियम ठरवण्यासाठी नेमलेल्या समितीने ज्या मसुद्यावर सहमती दर्शवली, त्यात दहा नावांमध्ये चिकित्सा मानसशास्त्राची भर पडली. इतर अभ्यासक्रमांसाठी मात्र अटी घातल्या गेल्या. पदवी साधारणपणे डॉक्टरेट स्तराची असावी, एकूण शिक्षण किमान सहा वर्षांचे असावे, व्यवसायासाठी परवाना लागत असावा आणि सरकारी वर्गीकरणातील अभ्यासक्रमाचा संकेतांक यादीतील क्षेत्रांच्याच गटात असावा. पहिल्या तिन्ही अटी डीपीटी पूर्ण करते. अडते ते चौथ्या अटीवर, कारण फिजिकल थेरपीचा संकेतांक पुनर्वसन उपचारांच्या वेगळ्या गटात आहे. परिचारिकांचे उच्च शिक्षण, ऑक्युपेशनल थेरपी, श्रवणशास्त्र आणि फिजिशियन असिस्टंट हे अभ्यासक्रमही असेच बाहेर राहिले. हातांनी मणक्याची हाताळणी करणारी कायरोप्रॅक्टिक यादीत आहे आणि त्याच पाठदुखीच्या रुग्णाला व्यायाम व उपचार देणारी फिजिकल थेरपी नाही. ही विसंगती या व्यवसायातील मंडळींना विशेष खुपते आहे.

ही पदवी डॉक्टरेट झाली कशी?

यादीतील दहा नावे अमेरिकेच्या सरकारी नोंदींत अनेक दशकांपासून आहेत. त्या काळी फिजिकल थेरपिस्ट होण्यासाठी बॅचलर पदवी पुरेशी होती. पुढे काळ बदलला, पण यादी बदलली नाही. क्रेटन विद्यापीठाने १९९३ मध्ये या व्यवसायात प्रवेशासाठी डॉक्टरेटचा अभ्यासक्रम सुरू केला. अमेरिकन फिजिकल थेरपी असोसिएशनने २००० मध्ये ‘व्हिजन २०२०’ स्वीकारले. थेरपिस्ट हा डॉक्टरेट शिक्षण घेतलेला, रुग्णाने थेट गाठावा असा तज्ज्ञ असेल, असे ते उद्दिष्ट होते. अभ्यासक्रमांना मान्यता देणाऱ्या ‘कॅप्टे’ या संस्थेने २०१५ च्या अखेरपर्यंत सर्व अभ्यासक्रम डीपीटी स्तरावर आणण्याची अट घातली. आज डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय थेरपिस्टकडे जाण्याची मुभा, कमी-अधिक मर्यादांसह, अमेरिकेच्या सर्व राज्यांत आहे.

थोडक्यात, जबाबदारी वाढली म्हणून शिक्षण वाढले आणि शिक्षण वाढले म्हणून खर्च वाढला. पगार मात्र त्या प्रमाणात वाढला नाही. अमेरिकेच्या कामगार सांख्यिकी विभागानुसार २०२४ मध्ये फिजिकल थेरपिस्टचे मध्यम वार्षिक वेतन एक लाख डॉलरच्या थोडे वर होते. रक्कम मोठी असली, तरी तीन वर्षांच्या डॉक्टरेटचे कर्ज फेडताना ती अपुरी पडते, ही तक्रार कर्जमर्यादा येण्याच्या आधीपासूनची आहे.

अर्जदाराच्या हाती किती रक्कम येईल?

एकूण मर्यादा एक लाख डॉलर ऐकून ती पुरेशी वाटू शकते. खरा चिमटा वार्षिक मर्यादेत आहे. डीपीटी तीन वर्षांची असल्याने २०,५०० डॉलरच्या हिशेबाने तीन वर्षांत ६१,५०० डॉलरच मिळतील. म्हणजे एक लाखाची मर्यादा बहुतेकांना गाठताच येणार नाही. समजा, एखाद्या खासगी विद्यापीठात शुल्क, राहणे आणि जेवणखाण मिळून तीन वर्षांचा खर्च दीड लाख डॉलर आहे. हीच पदवी व्यावसायिक ठरली असती, तर वर्षाला ५० हजारांप्रमाणे पूर्ण दीड लाख कर्ज मिळाले असते. आता ८८,५०० डॉलर, म्हणजे सुमारे ८० लाख रुपये, अन्य मार्गाने उभे करावे लागतील.

तो अन्य मार्ग म्हणजे बहुधा खासगी कर्ज. त्यासाठी विद्यार्थ्याची पत किंवा सहकर्जदार पाहिला जातो. उत्पन्नाच्या प्रमाणात हप्ता ठरवण्याची सरकारी योजना त्याला लागू होत नाही. सार्वजनिक किंवा ना-नफा रुग्णालयात दहा वर्षे सेवा केल्यावर उरलेले केंद्रीय कर्ज माफ होते. ती सवलतही खासगी कर्जाला नाही. त्यामुळे ज्याच्या घरात सहीला उभा राहणारा कोणी नाही, त्या विद्यार्थ्याची वाट सर्वात आधी अडते.

सरकारची बाजू काय?

शिक्षण विभागाचे म्हणणे असे, की ‘व्यावसायिक’ हा शब्द केवळ कर्जाची मर्यादा ठरवण्यासाठी वापरला आहे. एखाद्या व्यवसायाचा दर्जा किंवा महत्त्व त्यातून ठरत नाही. अमर्याद कर्ज मिळत असल्यामुळे विद्यापीठे शुल्क वाढवत राहिली. मर्यादा आली की त्यांना शुल्क कमी करावे लागेल, असा सरकारचा युक्तिवाद आहे. तो अगदीच पोकळ नाही. कर्जाची सोय आणि शुल्कवाढ यांचा संबंध हा अमेरिकेतील जुना वाद आहे आणि डीपीटीचे शुल्क अवाजवी असल्याचे या व्यवसायातील अनेक जण स्वतःच मान्य करतात.

पण मुद्दा क्रमाचा आहे. कर्जाची मर्यादा ठरलेल्या तारखेला लागू होते, शुल्क मात्र कधी आणि किती उतरेल याची कोणतीही तारीख नाही. प्रयोगशाळा, प्रत्यक्ष रुग्णांवरील प्रशिक्षण आणि शिक्षकांचे प्रमाण मान्यतेच्या अटींमुळे ठरलेले असते. त्यामुळे खर्चाला कात्री लावायला विद्यापीठांना मर्यादित वाव आहे. मधल्या काळातील तफावत विद्यार्थ्यानेच भरून काढायची आहे.

रुग्णांशी याचा काय संबंध?

पक्षाघातातून सावरणारे, गुडघा किंवा खुबा बदललेले आणि पडण्याची भीती असलेले वृद्ध हे थेरपिस्टचे मोठे रुग्णगट आहेत. लोकसंख्या वृद्ध होत असल्याने या कामाची मागणी इतर व्यवसायांपेक्षा वेगाने वाढेल, असे अमेरिकेच्या सरकारी अंदाजातच म्हटले आहे. मोठे खासगी कर्ज डोक्यावर असलेला नवा थेरपिस्ट जास्त पगाराची जागा शोधणार हे उघड आहे. गावातील छोटे रुग्णालय किंवा घरोघरी जाऊन उपचार देणारी सेवा त्याला परवडेलच असे नाही. मागणी वाढणार आणि शिक्षणाचे दार अरुंद होणार, अशी ही उलट दिशा आहे.

यंदाच्या अर्जदारांसाठी काय बदलले?

डीपीटीचे बहुतेक अर्ज ‘पीटीकॅस’ या सामायिक ऑनलाइन प्रणालीतून होतात. ती दरवर्षी जूनच्या मध्यास खुली होते. शरीररचना, शरीरक्रिया, भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, संख्याशास्त्र, मानसशास्त्र अशा विषयांतील गुण, शिफारसपत्रे, निबंध आणि अनेक ठिकाणी थेरपिस्टच्या देखरेखीखाली केलेल्या निरीक्षणाचे तास यांवर निवड होते. जीआरईची अट बऱ्याच विद्यापीठांनी सोडून दिली आहे. २०२५ च्या जूनमध्ये अर्ज भरायला घेतलेल्या विद्यार्थ्यांनी जुन्या कर्जव्यवस्थेचा हिशेब डोळ्यांसमोर ठेवला होता. तीन आठवड्यांत कायदा झाला आणि त्यांचा प्रवेश नव्या व्यवस्थेत येऊन पडला.

ज्यांनी १ जुलै २०२६ पूर्वीच प्रवेश घेऊन त्याच अभ्यासक्रमासाठी केंद्रीय कर्ज उचलले आहे, त्यांना जास्तीत जास्त तीन वर्षे किंवा उरलेला अभ्यासक्रम, यांपैकी जे कमी असेल तितका काळ जुन्या मर्यादांचा लाभ मिळेल. साहजिकच, जूनमध्ये वर्ग सुरू करणारे विद्यापीठ आणि ऑगस्टमध्ये सुरू करणारे विद्यापीठ यांतील दोन महिन्यांचे अंतर हजारो डॉलरचे ठरू शकते. यापुढे विद्यापीठ निवडताना नावापेक्षा काही साधे प्रश्न महत्त्वाचे ठरतील. तीन वर्षांचा एकूण खर्च किती, राज्यातील रहिवाशांना सवलत किती, प्रशिक्षणासाठी स्वखर्चाने दुसऱ्या शहरात राहावे लागते का, परवाना परीक्षेत आणि वेळेत पदवी पूर्ण करण्यात मागील तुकड्यांचा निकाल काय? निकालाचे आकडे जाहीर करणे मान्यताप्राप्त अभ्यासक्रमांना बंधनकारक आहे.

महाराष्ट्रातील पदवीधरांवर काय परिणाम?

अमेरिकेचे केंद्रीय कर्ज भारतीय नागरिकांना विद्यार्थी व्हिसावर मिळत नाही. त्यामुळे कर्जमर्यादेचा थेट फटका बसेल तो तेथील नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक असलेल्या मराठी कुटुंबांतील मुलांना. येथील बीपीटीएच पदवीधरांनी वेगळी बाब ध्यानात घ्यायला हवी. भारतात फिजिओथेरपिस्ट झालेल्याला अमेरिकेत परवान्यासाठी प्रवेशस्तरीय डीपीटी पुन्हा करावीच लागते असे नाही. आपले शिक्षण तेथील शिक्षणाशी तुल्य आहे का, याचे अधिकृत मूल्यमापन, इंग्रजीची चाचणी आणि राष्ट्रीय परवाना परीक्षा हा दुसरा मार्ग आहे. राज्यागणिक अटी मात्र बदलतात. शिवाय परवानाधारकांसाठीच्या पुढील डीपीटी अभ्यासक्रमाने परवाना आपोआप मिळत नाही. जाहिरातीतील ‘डीपीटी’ ही तीन अक्षरे वाचून शुल्क भरण्यापूर्वी हा फरक पाहणे आवश्यक आहे.

त्यातच सप्टेंबर २०२५ मध्ये अमेरिकेबाहेरील व्यक्तींसाठीच्या नव्या एच-१बी अर्जांवर एक लाख डॉलरचे शुल्क लादले गेले. अमेरिकेतच शिकत असलेल्यांना व्हिसाचा प्रकार बदलताना ते लागू नसल्याचे नंतर स्पष्ट झाले. म्हणजे भारतातून थेट नोकरीवर जाणे अवघड झाले. त्यामुळे तेथे जाऊन शिकण्याचा मार्ग, खर्चिक असूनही, काहींना जवळचा वाटेल. तो निवडताना केवळ व्हिसाची सोय पाहून कर्ज काढणे धोक्याचे आहे, कारण व्हिसाचे नियम अभ्यासक्रम पूर्ण होण्याआधीच बदलू शकतात.

भारताने यातून काय घ्यावे?

भारतातही फिजिओथेरपीचे शिक्षण वाढते आहे. २०२१ च्या संलग्न आरोग्यसेवा व्यवसाय कायद्यानुसार स्थापन झालेल्या राष्ट्रीय आयोगाने २०२५ मध्ये नवा अभ्यासक्रम आणला. त्यात आंतरवासितेसह पाच वर्षांच्या पदवीची चौकट आहे. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये फिजिओथेरपिस्टने नावामागे ‘डॉ.’ लावावे की नाही यावरून केंद्राच्या आरोग्यसेवा महासंचालनालयाने आधी मनाई केली आणि लगेचच ते पत्र मागे घेतले. उपाधीवर बरीच चर्चा झाली. पाचव्या वर्षाचे शुल्क, आंतरवासितेचे विद्यावेतन आणि पदवीनंतरचा सुरुवातीचा पगार यांवर तेवढी झाली नाही. अमेरिकेतील डीपीटीकडे पदवीचे नाव आहे, परवाना आहे, रुग्णाने थेट यावे इतका विश्वासही आहे. तरीही शिक्षणाचा खर्च कोणी उचलायचा हे वेळीच न ठरल्यामुळे तिच्या विद्यार्थ्यांचे भवितव्य एका वर्गीकरणाच्या संकेतांकावर येऊन ठेपले आहे.