कोआला बघावा, कडेवर घेऊ नये



मुलांकडे ऑस्ट्रेलियाला जाणाऱ्या आपल्या बायका आता घरोघरी आहेत. निघण्याआधीच एक इच्छा ठरलेली असते, कोआलाला कडेवर घेऊन फोटो काढायचा. माझं मत विचाराल तर तो फोटो काढू नये. कोआला बघायचा असेल तर त्याच्या जंगलात जाऊन बघावा.

ब्रिस्बेनजवळ डेझी हिल नावाचं राखीव जंगल आहे. तिथल्या काही वाटा सपाट आणि एक किलोमीटरहूनही लहान आहेत. गुडघे कुरकुरणाऱ्या बाईलाही सहज जमतील. निलगिरीच्या उंच झाडांत, फांदीच्या बेचक्यात राखाडी गाठोडं दिसतं का ते बघायचं. बुंध्यावर नखांचे ओरखडे आणि खाली लेंड्या असल्या तर वर नीट शोधायचं. मात्र दिसेलच अशी खात्री नाही.

आमच्या कॉमर्सच्या भाषेत सांगायचं तर कोआलाची जमा फार थोडी. निलगिरीच्या पानांत पोषण कमी, शिवाय ती पचायला जड. म्हणून तो दिवसाचे अठरा-वीस तास झोपून खर्च वाचवतो. आपल्या हौसेसाठी त्याला उठवणं म्हणजे गरिबाच्या गल्ल्यात हात घालणं.

“तिथे सांभाळणारे असतात, त्याला त्रास होत नाही,” असं कुणी म्हणेल. पण न्यू साउथ वेल्समध्ये पर्यटकांनी कोआला हातात घेण्यावर बंदी आहे. ब्रिस्बेनच्या लोन पाइन अभयारण्याची तर ओळखच हे फोटो होती. 1927 पासूनच्या त्या संस्थेनेही 2024 मध्ये ते थांबवले. त्यांना पटलं, मग अहिंसा पाळणाऱ्या आपल्याला का पटू नये?

क्वीन्सलँड, न्यू साउथ वेल्स आणि राजधानीच्या प्रदेशात 2022 पासून कोआलाची नोंद संकटग्रस्त म्हणून झाली आहे. जंगलतोड, गाड्या, कुत्रे आणि आजार, एवढं सगळं त्या जिवाच्या मागे आहे.

आपले साधू-साध्वी चार हात जमीन बघत चालतात. ती ईर्यासमिती या वाटेवरही उपयोगी पडते, कारण पाचोळ्यात मुंग्या असतात. नातवंडांना सांगा, झाड हलवायचं नाही, ओरडायचं नाही, फ्लॅश मारायचा नाही. कोआला दिसला तर दोन मिनिटं शांत उभं राहून बघा आणि त्याला झोपू द्या. नाही दिसला, तरी झाडं बघून झाली आणि पाय मोकळे झाले.