मुदत भरलेली हुंडी

व्यापारी पेढीने एक नियम पिढ्यानपिढ्या पाळला आहे. हुंडीची मुदत भरली की रक्कम द्यायची. त्या दिवशी गल्ल्यात किती शिल्लक आहे, हा प्रश्न हुंडी घेऊन येणाऱ्याचा नसतो. पेढीची पत या एकाच गोष्टीवर उभी असते.

निवृत्तिवेतन हीसुद्धा अशीच एक हुंडी आहे. ती नोकरीच्या पहिल्या महिन्यापासून लिहिली जाते आणि वयाच्या ५८ व्या वर्षी तिची मुदत भरते. मात्र ती घेऊन येणारा मनुष्य बहुधा थकलेला असतो आणि तिच्यावरील अक्षरे त्याने स्वतः लिहिलेली नसतात. ती मालकाच्या कचेरीत लिहिली गेलेली असतात. तेथे एक अक्षर चुकले, तर त्याची किंमत पंचवीस वर्षांनंतर नोकरालाच मोजावी लागते.

दौंडला निवृत्तिवेतन हा शब्द नवा नाही. रेल्वेचे जंक्शन आणि राज्य राखीव पोलीस दलाचे गट यांमुळे महिन्याच्या महिन्याला निवृत्तिवेतन घेणारी घरे या गावाने पिढ्यानपिढ्या पाहिली आहेत. सरकारी खात्यात सेवापुस्तक असते आणि निवृत्तीची तारीख जवळ येऊ लागली की कागद तयार करण्याची जबाबदारी कार्यालयाचीही असते. खाजगी नोकरीची गोष्ट वेगळी आहे. शिरूर तालुक्यातील रांजणगावची औद्योगिक वसाहत, दौंड तालुक्यातील कुरकुंभची वसाहत, न्हावरे आणि पाटस येथील सहकारी साखर कारखाने, शिवाय दोन्ही बाजारपेठांतील मोठ्या पेढ्या, गिरण्या आणि गोदामे येथे राबणाऱ्यांच्या म्हातारपणाचा आधार म्हणजे १६ नोव्हेंबर १९९५ पासून लागू झालेली कर्मचारी निवृत्तिवेतन योजना. वीस किंवा अधिक माणसे कामावर असलेल्या आस्थापनेला भविष्यनिर्वाह निधीचा कायदा लागू होतो आणि त्याबरोबरच ही योजनाही येते.

या योजनेचा हिशेब व्यापाऱ्याला समजण्यास अवघड नाही. मालक नोकराच्या वेतनावर जे बारा टक्के भरतो, त्यांतील ८.३३ टक्के निवृत्तिवेतनाच्या खात्यात जातात. १ सप्टेंबर २०१४ पासून त्यासाठी वेतनाची मर्यादा १५,००० रुपये आहे, म्हणजे महिन्याला जास्तीत जास्त १,२५० रुपये. निवृत्तिवेतन काढताना अखेरच्या साठ महिन्यांच्या सरासरी वेतनाला सेवेच्या वर्षांनी गुणावे आणि सत्तरने भागावे. किमान दहा वर्षांची सेवा हवी. वीस वर्षे पुरी झाली, तर दोन वर्षे वाढवून मिळतात. पन्नाशीनंतर निवृत्तिवेतन लवकरही घेता येते, पण ५८ ला जितकी वर्षे कमी, तितक्या वर्षांची दरसाल चार टक्के कपात सोसावी लागते.

आता एका कामगाराचे उदाहरण मनाशी धरावे. सप्टेंबर २०१४ नंतर त्याने सहा वर्षे रांजणगावला काम केले. पुढे घरच्या सोयीसाठी तो न्हावरे-चौफुला रस्त्याने दौंड तालुक्यात आला आणि कुरकुंभला पाच वर्षे राहिला. वेतन १५,००० धरले, तर अकरा वर्षांचे निवृत्तिवेतन महिन्याला २,३५७ रुपये होते. रक्कम लहान आहे. तरीही औषधांचा आणि किराण्याचा काही भाग तिच्यात भागतो, आणि कोणापुढे हात न पसरता भागतो. परंतु पहिली नोकरी सोडताना त्याने निवृत्तिवेतनाची रक्कम काढून घेतली असेल, तर ती सहा वर्षे कायमची पुसली गेली. उरलेल्या पाच वर्षांवर मासिक निवृत्तिवेतन बसत नाही. रक्कम काढली नाही, पण जुने खाते नव्याला जोडलेही नाही, तरी कागदोपत्री तो एक सहा वर्षांचा आणि एक पाच वर्षांचा असा दोन अर्धवट माणसांत विभागलेला राहतो. एका अर्जाने जे जुळले असते, ते न जुळल्यामुळे हक्क अडून राहतो. नोकरी सोडणाऱ्याला हे सांगण्याची योग्य वेळ म्हणजे हिशेब चुकता करण्याचा दिवस, आणि सांगणारा मालकाखेरीज दुसरा कोण असणार?

निवृत्तिवेतनासाठी नमुना १०-डी भरून अर्ज करावा लागतो. त्यात स्वतःचे आणि कुटुंबाचे तपशील, बँकेचे खाते, वयाचा पुरावा आणि छायाचित्रे लागतात. अर्ज मंजूर झाला की निवृत्तिवेतन अदायगी आदेश निघतो आणि मग दरमहा रक्कम खात्यावर जमा होऊ लागते. सर्व बाबतींत पूर्ण असलेला अर्ज वीस दिवसांत निकाली काढावा, अशी व्यवस्था आहे. या वाक्यातील सारा भार ‘पूर्ण’ या शब्दावर आहे. अपूर्णतेची कारणे पाहिली, तर बहुतेकांचे मूळ जुन्या वहीत सापडते. आधारपत्रावर वडिलांचे नाव एक आणि निधीच्या नोंदीत दुसरे. जन्मतारीख शाळेच्या दाखल्यात वेगळी आणि कारखान्याच्या पत्रकात अंदाजे लिहिलेली. नोकरी सोडल्याची तारीख नोंदलेलीच नाही. मधल्या काही महिन्यांचा भरणा राहिलेला. पत्नीचे नाव कुटुंबाच्या तपशिलात नाही.

आणखी एक चूक सद्‌हेतूने होते. ५८ वर्षे पूर्ण झालेल्या जुन्या माणसाला मालक प्रेमाने कामावर ठेवून घेतो आणि निवृत्तिवेतनाचा भरणाही पूर्वीप्रमाणे चालू ठेवतो. वास्तविक त्या वयानंतर हा भाग थांबवून मालकाचा सगळा वाटा भविष्यनिर्वाह निधीत जायला हवा. तसे झाले नाही, तर पुढे अर्जावर आक्षेप निघतो आणि दुरुस्तीचे कागद फिरत राहतात. ५८ पूर्ण झाल्यावर निवृत्तिवेतन मागण्यासाठी नोकरी सोडावी लागत नाही, हेही अनेकांना ठाऊक नसते. ज्याला ते साठीपर्यंत पुढे ढकलायचे असेल, त्याला दरसाल चार टक्के वाढ मिळते. मात्र हा विचारपूर्वक घेतलेला निर्णय असावा. अज्ञानाने झालेला उशीर तसा नसतो.

अर्ज दिल्यानंतरचा काळ कागदावर दिसत नाही. पगार बंद झालेला असतो आणि निवृत्तिवेतन सुरू झालेले नसते. आयुष्यभर पहिल्या आठवड्यात घरात पैसे आणणारा मनुष्य बँकेत जाऊन पासबुक भरून आणतो आणि रिकाम्या ओळी पाहून परततो. तो कचेरीत दोनदा विचारतो, तिसऱ्यांदा विचारण्यास संकोचतो. शिरूरहून पुणे सत्तर किलोमीटरच्या आसपास आहे. एका सहीसाठी इतके जाऊन येणे म्हणजे साऱ्या दिवसाचा खोळंबा. मुले सांभाळणारी असली, तरी मागण्याची सवय नसलेल्याला मागणे जड जाते. ज्याने पेढीच्या पैशांचा पैपैचा हिशेब दिला, त्याला स्वतःच्या पैशांसाठी अजिजी करावी लागावी, हे शोभणारे नाही.

तरीही थांबणाऱ्याला काही मार्ग आहेत. अर्जाची पोच आणि क्रमांक जपून ठेवावा. अर्ज परत आल्यास कारण लेखी घ्यावे आणि तेवढीच दुरुस्ती करावी. वेगळी कागदपत्रे जोडून नवा घोळ करू नये. नोकरी सोडल्याची तारीख मालकाने नोंदली नसेल, तर अखेरच्या भरण्यानंतर दोन महिन्यांनी सभासदाला ती संकेतस्थळावर स्वतः नोंदवता येते. भविष्यनिर्वाह निधी संघटना दर महिन्याच्या २७ तारखेला जिल्ह्याजिल्ह्यांत ‘निधी आपके निकट’ हे शिबिर घेते. तेथे कागद समक्ष दाखवता येतात. जानेवारी २०२५ पासून देशभर केंद्रीकृत अदायगीची पद्धत लागू झाली आहे. ती सुरू होतानाच ६८ लाखांहून अधिक निवृत्तिवेतनधारक तिच्यात आले. त्यामुळे कोणत्याही बँकेच्या कोणत्याही शाखेत रक्कम घेता येते आणि गाव बदलले तरी आदेश दुसऱ्या कार्यालयात हलवावा लागत नाही. रक्कम सुरू झाल्यावर वर्षातून एकदा हयातीचा दाखला द्यावा लागतो. या योजनेत तो वर्षभरात केव्हाही देता येतो आणि दिल्यापासून बारा महिने चालतो. ते विसरल्यास सुरू झालेली रक्कमही थांबते.

मालकाच्या बाजूने करायचे काम याहून सोपे आहे. वर्षातून एकदा, नव्या वह्या घालण्याच्या दिवसांत, प्रत्येक नोकराची नोंद त्याच्यासमोर उघडावी. नाव, जन्मतारीख, रुजू होण्याची तारीख, भरण्याचे महिने आणि कुटुंबाचा तपशील एवढ्या पाच गोष्टी आधारपत्राशी पडताळाव्यात. पाचवी गोष्ट विशेष महत्त्वाची आहे. सभासदाच्या पश्चात पत्नीला त्याच्या निवृत्तिवेतनाचा निम्मा भाग मिळतो आणि पंचवीस वर्षांखालील दोन मुलांनाही काही भाग मिळतो. ते नाव नोंदीत नसेल, तर दुःखाच्या दिवसांत त्या बाईला नात्याचा पुरावा शोधत फिरावे लागते. ज्याला ५७ वर्षे पूर्ण झाली, त्याचे कागद त्याच वर्षी तयार करावेत. निवृत्तीच्या दिवशीच अदायगी आदेश हाती द्यावा, यासाठी संघटनेचा ‘प्रयास’ हा उपक्रम आहे. परंतु मालकाने आधी माहिती दिली, तरच तो सफल होतो. शाल-श्रीफळ देऊन केलेल्या निरोपसमारंभापेक्षा हा कागद मोठा सत्कार ठरेल.

निवृत्तिवेतन ही कृपा नव्हे, तो हक्क आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने नाकरा खटल्यात १७ डिसेंबर १९८२ रोजी स्पष्ट केले. तो दिवस आज निवृत्तिवेतनधारक दिन म्हणून पाळला जातो. पुढे केरळ राज्याच्या एका खटल्यात, विनाकारण विलंब झाला तर बाजारदराने व्याज द्यावे लागेल, असेही त्याच न्यायालयाने म्हटले. ते दोन्ही निकाल सरकारी सेवकांच्या बाबतीत होते. पण त्यांमागचा न्याय व्यापाऱ्याला नवीन नाही. मुदत भरल्यावर थकलेल्या रकमेवर व्याज चढते, हे त्याला कोणत्याही न्यायालयाने शिकवावे लागले नाही.

या योजनेतील किमान निवृत्तिवेतन २०१४ पासून १,००० रुपयेच आहे. ते वाढावे यासाठी महाराष्ट्रातील वृद्धांनी वर्षानुवर्षे आंदोलने केली आहेत. रक्कम किती असावी, हे दिल्लीत ठरेल. ती वेळेवर सुरू व्हावी, यातील मोठा वाटा मात्र शिरूरच्या आणि दौंडच्या पेढीवर, तेथल्या एका नोंदवहीत आहे. ज्याने आपल्या दुकानाचे कुलूप तीस वर्षे उघडले आणि लावले, त्याची हुंडी मुदतीच्या दिवशी सकारली जावी. पेढीची पत अशाच हुंड्यांवर मोजली जाते.