सब्र आणि श्वास

गेल्या महिन्यात आमच्या खालांना रात्री जेवणानंतर पोटाच्या वरच्या भागात कळ आली आणि थेट पाठीत गेली. इस्पितळात कळले, पित्ताशयातला खडा सरकल्याने स्वादुपिंडाला सूज आली आहे. भेटायला आलेल्यांत कुजबुज झाली, "हा तर दारूवाल्यांचा आजार!" दारू हे एक कारण आहेच, पण पित्ताचे खडेही तेवढेच मोठे कारण आहे. आजाऱ्यावर संशय घेण्याआधी एवढे माहीत असावे.

खाला कण्हत नव्हत्या. विचारले की म्हणत, "सब्र करतेय." पण श्वास अगदी वरवरचा चालला होता. डॉक्टरांनी समजावले, दुखते म्हणून रुग्ण खोल श्वास घेत नाही, खोकत नाही. मग फुप्फुसांचा खालचा भाग नीट फुगत नाही, कफ साचतो. या आजारात छातीत पाणीही होते, बहुधा डावीकडे. आजार बळावला तर फुप्फुसेच सुजतात आणि व्हेंटिलेटर लागतो.

इंजेक्शनांनी दुखणे आवरेना. मॉर्फिनसारख्या औषधांची मात्रा वाढवली तर श्वास मंदावण्याची भीती. तेव्हा एपिड्युरलचा विषय निघाला आणि संमतीचा कागद आमच्या हाती आला. मणक्यांच्या मधून बारीक नळी मज्जारज्जूच्या आवरणाबाहेर ठेवतात आणि तिच्यातून बधिर करणारे औषध हळूहळू सोडतात. रुग्ण शुद्धीवर राहतो. बाळंतपणात हीच नळी कमरेत असते, इथे थोडी वर.

भाईजान घाबरले, "पाय गेले तर?" डॉक्टर म्हणाले, मज्जातंतूंना इजा क्वचितच होते, रक्तदाब मात्र उतरू शकतो, म्हणून सतत लक्ष ठेवावे लागते. रक्त गोठत नसेल किंवा सुईच्या जागी जंतुसंसर्ग असेल तर नळी घालतच नाहीत. खालांचे रक्ताचे रिपोर्ट ठीक होते. आम्ही सही केली. दुसऱ्या दिवशी त्यांनी श्वासाच्या व्यायामाच्या यंत्रातले दोन चेंडू वर उचलले!

पण याला जादू समजू नये. अतिदक्षता विभागातल्या 148 रुग्णांवर फ्रान्सच्या डॉक्टरांनी केलेली चाचणी 2023 मध्ये प्रसिद्ध झाली. एपिड्युरलमुळे व्हेंटिलेटरविना जाणारे दिवस वाढल्याचे तिच्यात दिसले नाही. म्हणून हा उपाय सरसकट नव्हे, रुग्ण पाहून ठरवायचा.

आम्ही मात्र एक धडा घेतला. घरातल्या बायका दुखणे गिळतात आणि आपण त्यांचे कौतुक करतो. दुखणे डॉक्टरांना वेळेवर सांगितल्याने सब्र कमी होत नाही. श्वास मात्र वाचतो.